तिथीची पाऊणपट, अधिक सात

कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास खाडी भरलेली मिळणार. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेला आणि अवसेला सव्वाअकरा. माझ्या पिढीच्या शाळेत पावकी-निमकी केव्हाच बंद झाली होती, तरी आम्हा भावंडांना पाऊणकी तोंडपाठ होती, कारण गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, केव्हा निघायचं ते तिच्यावर ठरायचं.

गेली बरीच वर्षं मी वेल्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कार्मार्दनच्या जवळ राहते. एका इस्पितळाच्या औषध विभागात नोकरी करते. इथे पाऊणपटीत सात मिळवावे लागतात. पौर्णिमेचे सव्वाअकरा अधिक सात, म्हणजे संध्याकाळचे सव्वासहा. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, म्हणून सव्वासात. भरतीचे छापील तक्ते गळाच्या दुकानात मिळतात, फोनवर तर फुकट दिसतात. त्यांच्याशी माझा हिशेब पाव-अर्ध्या तासाने चुकतो. तेवढा तो आमच्या खाडीवरही चुकायचा. पण हे सात तास माझे मी शोधून काढलेत आणि त्याचा मला इस्पितळातल्या कुठल्याही बढतीपेक्षा जास्त अभिमान आहे.

एवढा हिशेब कशासाठी, तर दोन माशांसाठी. एक अटलांटिक सॅमन आणि दुसरा समुद्री ट्राउट. दुसऱ्याला वेल्समध्ये स्यूइन म्हणतात आणि मीही तेच म्हणणार, कारण समुद्री ट्राउट म्हटलं की तो मला मेन्यूकार्डावरचा वाटतो. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जो केशरी सॅमन मिळतो तो जातीने हाच, पण पिंजऱ्यात वाढवून बहुधा नॉर्वेहून आणलेला. त्याने नदी कधी पाहिलेली नसते.

माझी नदी टाव. प्रेसेलीच्या टेकड्यांत उगवते, व्हिटलंडवरून खाली येते, सेंट क्लिअर्सला तिला भरतीचं पाणी भेटतं आणि लार्नच्या किल्ल्याखालून ती कार्मार्दनच्या उपसागरात जाते. सगळी मिळून पन्नास किलोमीटरच्या आसपास. वरच्या अंगाला आपल्याकडे हिला कुणी नदी म्हणणार नाही, पऱ्या म्हणतील. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या कुरणात जाता येतं आणि पलीकडच्या गाई तुमच्याकडे बघत राहतात. खाली मात्र सगळं पालटतं. ब्रिस्टल खाडी तोंडाशी रुंद आणि आत चिंचोळी होत गेल्याने आत शिरलेलं पाणी दाटत, चढत जातं. रत्नागिरीला उधाणाची चढउतार तीन मीटरच्या आतबाहेर, इथे साडेसात. ओहोटीला लार्नसमोर नुसता चिखल आणि वाळू, मधून नदीची एक बारीक रेघ. सहा तासांनी त्याच जागी दोन माणसं बुडतील एवढं पाणी. लार्नला बाहेरचे लोक येतात ते डिलन टॉमस या कवीसाठी. तो १९४९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, इथे खाडीच्या काठावर राहिला. त्याचं घर बघून लोक चहा पितात आणि जातात. भरतीची वेळ कुणी विचारत नाही.

आता मासे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत मादी वरच्या ओढ्यांत जाते, गोट्यांच्या तळात शेपटीने खळगा करते, अंडी घालते, नर त्यावर वीर्य सोडतो आणि मादी पुन्हा शेपटीनेच खळगा बुजवते. गोट्यांमधून थंड, स्वच्छ पाणी वाहत राहिलं तर वसंतात पिल्लं बाहेर पडतात. पुढची एक-दोन, क्वचित तीन वर्षं ती ओढ्यातच असतात, बोटभर, अंगावर निळसर डागांची रांग घेऊन. मग एका वसंतात डाग पुसले जातात आणि अंग चांदीचं होतं. आत त्याहून मोठा बदल झालेला असतो. गोड्या पाण्यात माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, म्हणून पाणी सतत अंगात झिरपतं आणि ते लघवीवाटे बाहेर टाकावं लागतं. समुद्रात नेमकं उलटं. अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, मासा समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. ही उलटापालट करायची तयारी पिल्लू नदीत असतानाच, मिठाचा थेंबही चाखायच्या आधी, करून ठेवतं. दिवसभर मूत्रपिंडाच्या औषधांच्या चिठ्ठ्या तपासणाऱ्या माणसाला याचं जरा जास्तच कौतुक वाटतं.

एप्रिल-मेमध्ये ही पिल्लं समुद्रात उतरतात. सॅमन दूर जातो, फेरो बेटांकडे, ग्रीनलंडकडे. वर्षाने किंवा त्याहून उशिरा परततो. स्यूइन किनारा फारसा सोडत नाही. त्याची गोष्ट मला जास्त आवडते. स्यूइन आणि ओढ्यातला साधा तपकिरी ट्राउट ही एकच जात आहे. एकाच मादीच्या अंड्यांतली काही पिल्लं जन्मभर ओढ्यात राहतात आणि वीतभर होतात. त्यांचीच भावंडं समुद्रावर जाऊन दोन-तीन किलोंची होऊन येतात. जाणाऱ्यांत माद्या जास्त. भरपूर अंडी घालायची तर अंग हवं, आणि अंग समुद्रातच भरतं. नरांचं वीतभर राहूनही भागतं. यावर मी काही भाष्य करत नाही.

परतताना आपलाच ओढा कसा सापडतो, याचं उत्तर नाकात आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅस्लर यांना ते सुचलं १९४० च्या दशकात, आपल्या मुलखात, युटाच्या डोंगरात चढताना. एका धबधब्याच्या शेवाळाचा वास आला आणि लहानपणचे विसरलेले मित्र त्यांना नावानिशी आठवले. माणसाला हे होतं तर माशाला का नाही? पुढे त्यांनी सॅमनच्या नाकपुड्या कापसाने बंद करून पाहिल्या. त्या माशांना दोन फाट्यांतला आपला फाटा निवडता येईना. १९७० च्या दशकात मिशिगन सरोवराच्या काठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पिल्लांना मॉर्फोलिन नावाच्या रसायनाच्या वासावर वाढवलं आणि नंतर एका ओढ्यात तेच रसायन सोडलं. मोठे झालेले मासे त्या ओढ्यात आले.

परदेशात राहणाऱ्या मराठी बाईने इथे कुठली उपमा द्यायची हे ठरलेलंच आहे. ती मी देणार नाही. सॅमन अंडी घालायला परततो आणि त्यांतले बहुतेक तिथेच मरतात. मी सुट्टी मिळाली की विमानाने जाते, भाचरांना चॉकलेटं वाटते, उकाड्याबद्दल कुरकुर करते आणि परत येते. ओहोटीला लार्नच्या चिखलाचा वास मात्र आमच्या खाजणाचाच आहे, एवढं कबूल.

मला ही नदी दाखवली ती शेजारच्या दूधकाकांनी. दूधकाका हे नाव मी मनात ठेवलेलं. गाव त्यांना 'मिल्क' म्हणतं. वेल्समध्ये माणसाच्या धंद्यावरून अशी नावं पडतात आणि धंदा सुटला तरी सुटत नाहीत. ते टँकर चालवत, गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करून व्हिटलंडच्या डेअरीत नेत. ती डेअरी १९९४ मध्ये बंद पडली. मी त्यांना तोंडावर नावाने हाक मारते, इथे तसंच चालतं, आणि ते मला 'बाख' म्हणतात, जे इथे नातवंडांपासून मांजरापर्यंत कुणालाही म्हणतात. त्यांनी पहिल्यांदा मला गळ दिला नाही, नकाशा दिला. ब्रिटनच्या सरकारी नकाशांवर प्रत्येक नदीत एका जागी 'एनटीएल' अशी तीन अक्षरं छापलेली असतात. साधारण भरती जिथवर पोचते ती ही जागा. दूधकाकांनी तिथे पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, याच्या खाली राजाचं, वर मालकाचं.

ते अगदी तंतोतंत नसलं तरी बरंचसं खरं आहे. या देशात भरतीच्या पाण्यात मासेमारीचा हक्क मुळात सगळ्या जनतेचा. भरतीरेषेच्या वर तो काठाच्या जमीनमालकाचा, आणि दोन काठांना दोन मालक असतील तर पात्राच्या मध्यापर्यंत एकाचा, पलीकडे दुसऱ्याचा. मग तो हक्क क्लबला भाड्याने जातो, विकला जातो, मोठ्या नद्यांवर तर एकेका डोहाची किंमत ऐकून घाम फुटतो. सॅमन आणि स्यूइनसाठी सरकारी परवाना दोन्हीकडे काढावा लागतो, तो भाग वेगळा. नदीतल्या माशांवरून इथे फार जुनं भांडण आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाच्या सनदेत, ज्यातली स्वातंत्र्याची कलमं शाळेत शिकवतात, तेहेतिसावं कलम थेम्स, मेडवे आणि इंग्लंडभरच्या नद्यांतले मासे अडवणारे बांध काढून टाकण्याचं आहे. आणि १९८६ च्या सॅमन कायद्यात 'संशयास्पद परिस्थितीत' सॅमन बाळगणं हा गुन्हा आहे. लोक हे थट्टेने सांगतात. पण चोरून धरलेला मासा हातोहात विकला जायचा, त्यावर तो इलाज होता.

वेल्सच्या एका फार जुन्या कथेत जगातला सर्वांत वयस्क प्राणी सॅमनच आहे, लिन लिव या तळ्याचा सॅमन. कैदेत असलेल्या माबोनला शोधत माणसं एकामागून एका वयस्क प्राण्याकडे जातात आणि शेवटी याच्याकडे पोचतात. तो सांगतो, मी प्रत्येक भरतीबरोबर नदी चढून ग्लॉस्टरच्या तटबंदीपर्यंत जातो आणि तिथे जो अन्याय पाहिला तसा कुठेही पाहिला नाही. मग दोघा वीरांना खांद्यांवर बसवून तिथे नेतो. नायकांपेक्षा माशाला भूगोल जास्त येतो, हे मला या कथेत पटतं. प्रत्येक भरतीबरोबर वर जाणं ही कविकल्पनाही नव्हे. उन्हाळ्यात पाऊस नसेल तर नदी आटलेली असते, वर चढायला पाणी नसतं. मासे खाडीत थांबतात. भरतीबरोबर थोडे आत येतात, गोड्या पाण्याची चव घेतात, ओहोटीबरोबर मागे जातात. उधाणाच्या दिवसांत जास्त आत, भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत जेमतेम. टेकड्यांत पाऊस पडून नदीला लाल पाणी आलं की मात्र एका रात्रीत निघून जातात.

छोट्या नदीच्या या भरतीच्या पट्ट्यात गरवायचं म्हणजे या येण्याजाण्याच्या मधे उभं राहायचं. पाणी चढत असताना दूधकाका गळ भिजवतच नाहीत. काठावर बसून सँडविच खातात. चढत्या पाण्यात गवत, काटक्या, प्लास्टिक सगळं उलटं वर जात असतं आणि मासाही त्यांच्यातलाच एक, कुठे थांबत नाही. पाणी थबकतं. काही मिनिटं नदीला दिशा नसते. मग ओहोटी लागते, नदीची स्वतःची ओढ परत येते आणि आत आलेले मासे प्रवाहाकडे तोंड करून डोहाच्या खालच्या अंगाला उभे राहतात. तो तास-दीड तास खरा. स्यूइन असेल तर तेवढ्याने भागत नाही, तो तास रात्रीत पडायला हवा. काठाचं झाड आणि आकाश यांतला फरक दिसेनासा झाल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, टॉर्च लावायचा नाही, खोकायचं सुद्धा जपून. स्यूइनसारखा भित्रा मासा मी पाहिलेला नाही. चांदणं त्याला नको. आता गंमत बघा: मोठी भरती पौर्णिमेला किंवा अवसेला. पौर्णिमेला मासे येतात आणि चांदण्यामुळे लागत नाहीत. अवसेला अंधार असतो, पण उन्हाळ्यातली भरती सव्वासातला, उजेडीच. म्हणून आमची मोसमातली खरी रात्र म्हणजे जुलैच्या अवसेनंतरची तीज-चौथ, भरती तेव्हा रात्री दहा-अकराला येते. माझ्या सासूबाईंना मी अवसेच्या सुमारास रात्री नदीत उभी असते हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

गळावर आमिष म्हणून पिसांची माशी. चांदीची तार गुंडाळलेली, वर निळी-काळी पिसं, सांडील या बारीक समुद्री माशाचा आभास करणारी. स्यूइन नुकताच ते खाऊन आलेला असतो. सॅमनचं मात्र कोडं आहे, कारण नदीत शिरल्यावर तो खाणंच सोडतो, त्याचं आतडं आकसून जातं. तरी कधीतरी माशी तोंडात घेतो. राग, सवय, खोडी, दर गरवणाऱ्याचा एक सिद्धान्त असतो. दूधकाकांचा असा: तोही निवृत्त आहे, त्याला वेळ जात नाही. ताज्या माशाची खूण म्हणजे अंगावरच्या समुद्री उवा, त्यांच्या मागे लोंबणाऱ्या अंड्यांच्या लांब दोऱ्यांसकट. गोड्या पाण्यात त्या एक-दोन दिवसांत गळून जातात. त्या दिसल्या की दूधकाका घड्याळाकडे बघून सांगतात, हा काल दुपारी समुद्रात होता.

हे सगळं मी आईला फोनवर रंगवून सांगत होते. तिला माशांची माहिती माझ्याहून जास्त. जिताडा उलटा वागतो हे तिने लगेच काढलं: राहतो खाडीत आणि गोड्या पाण्यात, अंड्यांसाठी खाडीच्या तोंडाला खाऱ्यात जातो, आणि जन्मतो नर, मोठा झाल्यावर मादी होतो. मग तिने विचारलं, सॅमन लागला तर करतेस काय त्याचं? मी म्हटलं, सोडते. कायदा आहे. १ जानेवारी २०२० पासून वेल्समध्ये गळाला लागलेला प्रत्येक सॅमन परत सोडायचा, गळाचा उलटा काटाही चालत नाही. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सोडायचाच होता तर त्याच्या तोंडाला भोक कशाला पाडलंस?"

याचं चांगलं उत्तर इथल्या कुठल्याही गरवणाऱ्याकडे नाही. जी आहेत ती मला सगळी पाठ आहेत. सोडलेले बहुतेक मासे जगतात, हे खरं आहे, नीट सोडले तर. नदीवर माणूस असला की विष ओतणाऱ्यावर डोळा राहतो, हेही खरं. पण आईच्या प्रश्नाला ती लागू पडत नाहीत. ज्याला खायचं नाही त्याला केवळ ओढून बघायचं, हा खेळ आहे, आणि खेळात एका बाजूला खेळायचंच नसतं. मी हे जाणून खेळते. दूधकाकांना हा प्रश्न भाषांतर करून सांगितला तर ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, तुझ्या आईला कॉरकलवाल्यांकडे पाठवायला हवं होतं.

कॉरकल म्हणजे एकट्या माणसाची होडी. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर डांबर चढवलेलं कापड. फार पूर्वी कापडाऐवजी कातडं असे. हंपीला तुंगभद्रेत चालते त्या टोपलीच्या होडीच्याच कुळातली, पण लहान. माणूस ती पट्ट्याने पाठीवर अडकवून घरी जातो. दोन कॉरकल शेजारीशेजारी प्रवाहाबरोबर सोडायच्या, मधे जाळं ताणलेलं. एका हाताने वल्हं, दुसऱ्या हातात जाळ्याची दोरी. आज वेल्समध्ये अशी परवानाधारक मासेमारी उरली आहे ती तीन नद्यांवर: टाव, तवी आणि टायवी. परवाने मोजके, घराण्यातून आलेले. तवीवर आकाशात सात तारे दिसल्याशिवाय जाळं टाकायचं नाही असा रिवाज होता म्हणतात. या लोकांना नदीचा तळ पायाखालच्या जमिनीइतका ठाऊक. कुठे झाड बुडालंय, कुठल्या भरतीनंतर कुठल्या डोहात वाळू भरली, हे त्यांना माहीत नसेल तर जाळं फाटतं आणि त्या रात्रीची कमाई जाते.

गेली दीडशे वर्षं गळवाले साहेब लोक आणि जाळंवाले यांचं भांडण चालू आहे. मासे कमी झाले की बोट जाळ्याकडे. परवाने कमी झाले, हंगाम आखडला, आयर्लंडने २००७ मध्ये समुद्रातली तरंगती जाळी बंद केली, फेरो आणि ग्रीनलंडकडची धरपकड आंतरराष्ट्रीय कराराने त्याआधीच आवरली गेली. मासे परत आले नाहीत. समुद्रातून जिवंत परतणाऱ्या सॅमनचं प्रमाण १९८० च्या दशकाच्या तुलनेत निम्म्याच्याही खाली आहे. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन अधिकृतपणे संकटग्रस्तांच्या यादीत गेला. आता जाळं जवळजवळ नाही आणि गळाला लागलेला सोडायचाच आहे, तरी आकडे खाली. मग बोट कुणाकडे?

मला दिसतं ते असं. टावचं खोरं दुधाचं आहे. गाई वाढल्या, गोठे मोठे झाले, आणि शेण, मूत आणि गोठा धुतलेलं पाणी यांचा काला पावसाच्या तोंडावर शेतात फवारला तर तो ओढ्यात येतो. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि एका रात्रीत कित्येक किलोमीटर ओढा मेलेला मिळतो. २०२१ मध्ये वेल्सच्या सरकारने यावर नियम आणले, तेव्हा शेतकरी चिडले. त्यांचंही सगळं चुकीचं नव्हतं, टाक्या बांधायला पैसा लागतो. २०१५-१६ चा हिवाळा अवेळी उबदार आणि पुराचा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात वेल्सच्या कित्येक नद्यांत सॅमनची पिल्लं जवळजवळ सापडलीच नाहीत. अंड्यांना थंडी लागते. ती मिळाली नाही. आणि समुद्री उवा. पश्चिम आयर्लंडच्या छोट्या नद्यांवर १९८९ च्या सुमारास समुद्री ट्राउट एकाएकी कोसळला, अंगावर उवा चिकटलेले, वाळून गेलेले मासे वेळेआधीच नदीत परतू लागले. किनाऱ्याजवळच्या सॅमनच्या पिंजऱ्यांकडे बोट गेलं, वाद वर्षानुवर्षं चालला. मेयो परगण्यात बरिशूलला १९७० पासून समुद्राकडे जाणारा आणि परतणारा प्रत्येक मासा सापळ्यात मोजतात, त्यामुळे 'पूर्वीही असंच होतं' म्हणायची सोय तिथे राहिली नाही.

म्हणून माझं मत गळवाल्यांच्या क्लबात फारसं सांगता येत नाही. नदी राखायला तिच्यावर पोट असलेला माणूस लागतो. १८३९ च्या मे महिन्यात इथून जवळच एवेलवेन गावात शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून, तोंडं काळी करून, टोलनाका फोडला. ते रिबेका दंगे, बायकी वेषातल्या म्होरक्याला रिबेका म्हणत. नाक्यांची कथा सगळे सांगतात. पण १८४३ मध्ये तेच लोक टायवी नदीवर मासे अडवणाऱ्या बांधावरही चालून गेले, हे कमी सांगितलं जातं. आणि पुढे १८७०-८० च्या दशकांत वाय नदीच्या वरच्या खोऱ्यात पुन्हा लुगडी नेसलेली रिबेका मशाली घेऊन नदीत उतरली, ती थेट सॅमनसाठीच. रखवालदारांना न जुमानता भाल्यांनी मासे मारले. ते मासे अंडी घालायला आलेले होते, हे वाईटच. तरी जो मासा आपल्या ताटातला आहे त्यासाठी लोक उठतात. जो मासा फक्त दूरच्या साहेबाच्या फोटोतला आहे त्यासाठी कुणी लुगडं नेसत नाही. आमच्या खाडीवरही वरच्या अंगाला कारखाने आल्यावर मेलेले मासे घेऊन रस्त्यावर बसले ते पाग आणि बोकशी ही जाळी लावून पोट भरणारेच. आम्ही सुट्टीत गरवायला जाणारे नव्हे.

ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सर्वांत मोठ्या सॅमनचा विक्रम आजही एका बाईच्या नावावर आहे. जॉर्जिना बॅलंटाइन, स्कॉटलंडची टे नदी, ७ ऑक्टोबर १९२२, चौसष्ट पौंड. म्हणजे एकोणतीस किलो. बरोबर वडील होते, होडी वल्हवत. मासा दोन तासांहून जास्त झुंजला आणि अंधारात किनाऱ्याला आला. पहिल्या महायुद्धात ती परिचारिका होती. माशाचा साचा काढून घेतला आणि मासा पर्थच्या इस्पितळात गेला, तिथल्या रुग्णांनी आणि नोकरांनी तो खाल्ला. आमच्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये शुक्रवारी मिळणारा तळलेला कॉड पुढ्यात घेऊन मी कधीकधी त्या जेवणाचा विचार करते.

स्यूइन मात्र साठ सेंटिमीटरच्या आतला असेल तर ठेवता येतो. त्याहून मोठा सोडायचा, आणि गळाने धरलेला विकायचा नाही. क्लबवाले तोही सोडा म्हणतात. मी मोसमात एखादा ठेवते, आणि त्याबद्दल माझ्या मनात जी बोच आहे ती मला बरी वाटते; मासा खाताना थोडी असावी. मांस गुलाबी, तेलकट, सॅमनपेक्षा नाजूक. दूधकाका तो लोण्यात परततात, बरोबर लेव्हरब्रेड, म्हणजे समुद्री शेवाळ शिजवून केलेला काळपट लगदा. पहिल्यांदा मी नारळ वाटून कालवण केलं आणि ते बरं लागलं नाही. आधीच तेलकट मासा, त्यात खोबरं, दोन्ही एकमेकांवर बसतात. मग मी हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकला. एक तुकडा कुंपणावरून दूधकाकांना दिला. त्यांनी पाणी मागितलं, दुसरा तुकडा मागितला, आणि ते लाल आंबट कुठल्या दुकानात मिळतं ते विचारलं.

आईला ताटाचा फोटो पाठवला. तिचा फोन लगेच आला. मासा कसा झाला, सोडला का धरला, काही नाही. "डोकं कुठाय? टाकलंस?" मी म्हटलं, फ्रीजमध्ये आहे. तर म्हणाली, त्याचं पातळ तिखलं कर, खोबरं नको, तिरफळं घाल चार, ठेचून. डब्याच्या तळाशी तिरफळं होती, दोन वर्षांपूर्वीची, पण वास धरून होती. तिखलं झकास झालं.